गाडीतली स्क्रीन: गाणी, फोन आणि नकाशाच्या नेहमीच्या तक्रारी येतात कुठून?

विचारलेलं थोडक्यात असं: गाडीला टचस्क्रीन आहे, त्यात ब्लूटूथ, अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले (अँड्रॉइड फोन किंवा आयफोनवरची अ‍ॅप गाडीच्या स्क्रीनवर आणणाऱ्या सोयी) आणि कंपनीचा स्वतःचा नकाशा आहे. कधी फोन जोडलेला दिसतो पण गाणं वाजत नाही. केबल लावली तर अँड्रॉइड ऑटो कधी येतं, कधी नुसतंच चार्जिंग होतं. कॉलवर पलीकडच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू जातो. घाटात शिरलं की नकाशा मुका होतो. सर्व्हिस सेंटरमधून गाडी 'अपडेट मारलंय' म्हणून परत येते, फरक मात्र काही पडत नाही. तर करायचं काय?

स्क्रीन एकच असली तरी तुमचा फोन तिच्यापर्यंत तीन वेगळ्या वाटांनी पोचतो: ब्लूटूथ, यूएसबी केबल आणि गाडीचं स्वतःचं वायफाय. त्यातलं ब्लूटूथही एकजिनसी नाही. कॉलचा आवाज, गाण्यांचा आवाज, गाण्याचं नाव आणि पुढे-मागे करायची बटणं, फोनबुक, या चारही गोष्टी स्वतंत्रपणे जोडल्या जातात. म्हणून स्क्रीनवर 'कनेक्टेड' आलं म्हणजे सगळं जोडलं गेलं असं होत नाही. तक्रार कुठलीही असो, आधी विचारायचं की आत्ता हा आवाज किंवा ही माहिती कुठल्या वाटेने येते आहे. ते कळलं की बिघाड शोधायला वेळ लागत नाही, आणि बरेचदा तो गाडीत नसून फोनच्या सेटिंगमध्ये सापडतो.

फोन जोडताना

गाडी उभी करा, इग्निशन ऑन ठेवा. चालत्या गाडीत नवा फोन जोडायची सोय बहुतेक कंपन्या बंद ठेवतात, त्यामुळे 'अ‍ॅड डिव्हाइस' फिकट दिसत असेल तर तो बिघाड नाही. फोनवर ब्लूटूथचं पान उघडं ठेवा, कारण अँड्रॉइड फोन ते पान उघडं असेपर्यंतच इतरांना दिसतो. दोन्हीकडे सहा आकडी नंबर येतो. तो जुळतोय ना ते पाहून मगच 'ओके' करा. जुन्या स्टिरिओत नंबर टाकायला लागतो, तो बहुधा ०००० किंवा १२३४.

खरी गडबड यानंतरच्या दोन सेकंदांत होते. फोन विचारतो, 'कॉन्टॅक्ट आणि कॉल हिस्टरी गाडीला द्यायची का?' घाईत तिथे 'नाही' दाबलं जातं. मग कॉल आला की नावाऐवजी नुसता नंबर दिसत राहतो आणि दोष गाडीला दिला जातो. अँड्रॉइडमध्ये ब्लूटूथच्या यादीत गाडीच्या नावापुढचं दातेरी चाकाचं चिन्ह दाबा. तिथे फोन कॉल, मीडिया ऑडिओ आणि कॉन्टॅक्ट शेअरिंग असे वेगवेगळे खटके दिसतील. 'जोडलाय पण गाणं वाजत नाही' या तक्रारीत मीडिया ऑडिओचा खटका बंद निघतो, किंवा स्टिरिओवर सोर्स म्हणून रेडिओ निवडलेला असतो. आयफोनमध्ये ब्लूटूथच्या यादीत गाडीच्या नावापुढचं 'आय' दाबलं की 'सिंक कॉन्टॅक्ट्स' सापडेल.

कॉन्टॅक्ट दिले तरी काही नावं येत नसतील तर ती सिमकार्डात सेव्ह आहेत का ते बघा. पुष्कळ स्टिरिओ फक्त फोनच्या मेमरीतली किंवा गूगल खात्यातली नावं उचलतात. मराठीत लिहिलेली नावं चौकोनी डब्यांसारखी दिसत असतील तर त्या युनिटमध्ये, म्हणजे स्क्रीन आणि स्टिरिओच्या पेटीत, देवनागरी फॉन्टच नाही. तो बाहेरून टाकता येत नाही, त्यामुळे रोज लागणारी दहा-बारा नावं रोमनमध्ये लिहून ठेवणं हाच व्यवहारी उपाय. अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्लेवर हा त्रास नसतो, कारण तिथलं चित्र फोन तयार करून पाठवतो आणि फोनकडे फॉन्ट असतात.

जोडणी बिघडली तर फोन दोन्हीकडून काढा. लोक नेमके इथे अर्धवट करतात. फोनमधून गाडी 'फर्गेट' करतात, पण गाडीच्या यादीत फोन तसाच राहतो. जोडताना दोघांनी एकमेकांची एक गुप्त किल्ली साठवलेली असते. एकाने ती टाकून दिली आणि दुसरा जुनीच दाखवत राहिला की जोडणी होते, तुटते, परत होते. दोन्हीकडून पुसा, फोन एकदा बंद-चालू करा आणि नव्याने जोडा. यादी भरली असली तरीही नवा फोन नाकारला जातो. बऱ्याच स्टिरिओंत पाच ते दहा फोनांचीच जागा असते, आणि वापरलेल्या गाडीत आधीच्या मालकाच्या आख्ख्या कुटुंबाचे फोन बसलेले असतात.

घरात दोन फोन असतील तर गाडी कुठला आधी उचलते हे ठरवून ठेवा. बहुतेक युनिटमध्ये 'प्रायॉरिटी' किंवा 'फेव्हरिट' असा पर्याय असतो. तो लावला नाही तर शेवटी जोडलेला फोन आधी पकडला जातो. मग नवरा गाडी काढतो आणि दारात उभ्या असलेल्या बायकोचा कॉल गाडीच्या स्पीकरवर वाजू लागतो.

केबल, वायफाय आणि मध्येच तुटणारी जोडणी

अँड्रॉइड ऑटो केबलने कधी येतं आणि कधी येत नाही, तेव्हा पहिला संशय केबलवर घ्या. कितीतरी स्वस्त केबलींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. तपासणं सोपं आहे: तीच केबल लॅपटॉपला लावा. फोनमधल्या फाइल दिसल्या नाहीत तर ती केबल गाडीच्या कामाची नाही. डेटाची केबलही एक मीटरपेक्षा लांब नको. पुढच्या पोर्टपासून मागच्या सीटवर पोचावी म्हणून घेतलेली दोन-तीन मीटरची केबल खड्ड्यागणिक जोडणी सोडते.

मग पोर्ट बघा. गाडीत तीन-चार यूएसबी पोर्ट असले तरी डेटाचा बहुधा एकच असतो. त्याच्यावर फोनचं किंवा त्रिशूळासारखं यूएसबीचं चिन्ह असतं. बॅटरीचं किंवा विजेचं चिन्ह असलेला पोर्ट फक्त चार्जिंगचा. नवा दिसतो म्हणून सी-टाइप पोर्टात केबल खुपसली जाते आणि डेटाचा पोर्ट निघतो शेजारचा जुना चौकोनी.

तिसरी गोष्ट फोनचं भोक. खिशातला कापसासारखा गाळ आत साचतो, प्लग पूर्ण बसत नाही, चार्जिंगचे संपर्क जुळतात पण डेटाचे जुळत नाहीत. प्लग लावल्यावर 'टक्' असं बसल्याचं जाणवत नसेल आणि हलवला की डुलत असेल तर फोन बंद करून लाकडी टूथपिकने कडेकडेने अलगद कोरा. सुई किंवा सेफ्टी पिन घालू नका, आतली पट्टी खरवडली तर पोर्ट बदलावा लागतो.

एवढं करूनही येत नसेल तर फोनच्या सेटिंगकडे वळा. अँड्रॉइड १० पासून अँड्रॉइड ऑटो फोनमध्येच असतं, त्याचं वेगळं चिन्ह दिसत नाही. सेटिंगच्या सर्चमध्ये नाव टाकून ते उघडा आणि 'फोन लॉक असतानाही सुरू करा' हा खटका चालू करा. मग बॅटरीच्या सेटिंगमध्ये अँड्रॉइड ऑटो आणि गूगल प्ले सर्व्हिसेस या दोन्हींवरचं बंधन काढून 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. चिनी बनावटीच्या बऱ्याच फोनांत बॅटरी वाचवणारी यंत्रणा फार कडक असते. पाऊण तास सगळं नीट चालून अचानक बंद पडणं हे तिचंच लक्षण. आयफोनमध्ये सिरी बंद असेल तर कारप्ले सुरूच होत नाही, आणि 'स्क्रीन टाइम'च्या निर्बंधांत कारप्ले अडकलेलं असू शकतं. मुलांसाठी लावलेला तो निर्बंध नंतर कोणाच्या लक्षातही राहत नाही.

बिनवायरीचं चालतं कसं, हे माहीत असलं की त्याचे रुसवे कळतात. फोन आणि गाडी आधी ब्लूटूथवर एकमेकांना ओळखतात, मग गाडी आपल्या वायफायचं नाव आणि पासवर्ड फोनला देते, आणि चित्र-आवाज त्या वायफायवरून वाहू लागतो. त्यामुळे ब्लूटूथ बंद असेल तर सुरुवातच होणार नाही, आणि फोनचं वायफाय बंद असेल तर 'कनेक्टिंग' वरच अडकेल. फोनमध्ये व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे फिरवणारं अ‍ॅप) चालू असेल तर आधी तो बंद करून बघा, नको तिथे अडवणारा तोच निघतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये घरच्या वायफायचा अर्धवट सिग्नल येत असेल तर फोन त्यालाच चिकटून राहतो. गाडी गेटबाहेर पडली की जोडणी आपोआप होते. बिनवायरीच्या अँड्रॉइड ऑटोसाठी फोन साधारण अँड्रॉइड ११ किंवा पुढचा आणि ५ गिगाहर्ट्झचं वायफाय असलेला लागतो.

इथे एक फरक लक्षात ठेवा, कारण त्यावरून पुष्कळ गैरसमज होतात. अँड्रॉइड ऑटो केबलवर असो की वायफायवर, कॉलचा आवाज ब्लूटूथनेच जातो. म्हणून केबल लावली तरी ब्लूटूथ चालू ठेवायचं. कारप्लेत उलट आहे: कॉलसुद्धा कारप्लेच्या वाटेनेच जातो आणि गाडीशी असलेलं ब्लूटूथ तुटलेलं दिसतं. ते जोडायच्या मागे लागू नका.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. वायरलेस चार्जिंग, वायफाय, जीपीएस आणि मोबाइल डेटा हे सगळं एकदम चालू, वर काचेतून ऊन. विदर्भातल्या मे महिन्यात फोन तापून चार्जिंग बंद करतो, स्क्रीन मंद करतो, शेवटी नकाशा अडखळतो. अ‍ॅपलने आयफोन वापरण्यासाठी भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस सांगितलेलं आहे. चार्जिंग पॅडवर फोन तापत असेल तर तो पॅडवरून काढा, केबलने चार्ज करा आणि एसीच्या झोतासमोरच्या होल्डरमध्ये ठेवा. लांबच्या प्रवासात केबलचं अँड्रॉइड ऑटो बिनवायरीपेक्षा भरवशाचं, आणि गाडीत दोन्ही सोयी असल्या तरी ३०० किलोमीटर जाताना केबलच लावावी असं माझं मत आहे.

आवाज

'नकाशा बोलत नाही' या तक्रारीचं सगळ्यात जास्त वेळा निघणारं कारण आधी सांगतो. गाण्यांचा, कॉलचा, नकाशाच्या सूचनांचा आणि रिंगचा आवाज गाडी वेगवेगळा लक्षात ठेवते. जो आवाज चालू असेल त्यालाच गोल बटण लागू होतं. नकाशा 'डावीकडे वळा' म्हणत असताना कोणीतरी कंटाळून बटण शून्याकडे फिरवतं, गाणी तशीच मोठ्याने वाजत राहतात आणि त्या दिवसापासून नकाशा मुका. उपायही तोच: सूचना येत असतानाच बटण वर फिरवायचं. सूचना दोन सेकंदांत संपते, म्हणून गूगल मॅप्सच्या सेटिंगमध्ये नॅव्हिगेशनखाली 'टेस्ट व्हॉइस' सारखी सोय असेल तर ती वापरा. नसेल तर मार्ग सुरू करताना पहिलं वाक्य येतं तेव्हा फिरवा. त्याच पानावर 'ब्लूटूथवरून आवाज' आणि 'कॉल चालू असताना सूचना' असे दोन खटके आहेत, तेही तपासा. सूचनांची भाषा मराठी करता येते. रस्त्यांच्या नावांचे उच्चार इंग्रजी आवाजापेक्षा त्यात बरे वाटतात.

ब्लूटूथवर गाणी दबकी वाटत असतील तर फोनचा आवाज पूर्ण किंवा जवळपास पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त गाडीच्या बटणाने करा. फोन निम्म्यावर आणि गाडी ३५ वर, असं केलं की गाण्याबरोबर खरखरही वाढते. ऑक्सच्या, म्हणजे हेडफोनच्या भोकात लावायच्या वायरने जोडलं असेल तर मात्र फोन पूर्ण चढवू नका. ८०–९० टक्क्यांच्या वर काही फोनांचा आवाज फाटतो. फोनचं इक्वलायझर, डॉल्बी वगैरे बंद करा आणि जे काही करायचं ते एकाच जागी, गाडीत करा. दोन्हीकडे बास वाढवला की दाराचा पत्रा, दाराच्या खणातली नाणी आणि नंबर प्लेट सगळं वाजायला लागतं, आणि ते स्पीकर फाटल्यासारखं ऐकू येतं. खात्री करायची असेल तर दाराच्या अस्तरावर तळहात दाबून धरा. आवाज थांबला तर स्पीकर शाबूत आहे, अस्तराची क्लिप सैल आहे.

फेडरने आवाज पुढच्या-मागच्या स्पीकरांत वाटला जातो आणि बॅलन्सने डाव्या-उजव्या. मागचे स्पीकर अचानक बंद झाले असं वाटलं की आधी फेडर बघायचा. वेगाबरोबर आवाज आपोआप वाढवणारी सोय बऱ्याच गाड्यांत असते. ती एकच्या पायरीवर ठेवा, वरच्या पायरीवर महामार्गावर आवाज अंगावर येतो.

पेनड्राइव्हवरची गाणी वाचली जात नसतील तर तो फॅट-३२ मध्ये (फाइली साठवायची एक पद्धत) फॉरमॅट करा. ३२ जीबीपर्यंतचा पेनड्राइव्ह विंडोजवर सहज तसा होतो. एनटीएफएस ही विंडोजची दुसरी पद्धत पुष्कळ युनिट वाचत नाहीत. गाण्यांचा क्रम उलटसुलट येतो त्याचं कारण बरेच स्टिरिओ नावाच्या क्रमाने न वाजवता ज्या क्रमाने फाइल कॉपी झाल्या त्या क्रमाने वाजवतात. फाइलींच्या नावापुढे ०१, ०२ घाला आणि आख्खा फोल्डर एका दमात कॉपी करा. अभंग-कीर्तनाचा तासाभराचा सलग रेकॉर्ड असेल तर त्याचे तुकडे करून ठेवलेले बरे, कारण सगळेच स्टिरिओ गाडी बंद केल्यावर फाइलमधली जागा लक्षात ठेवत नाहीत.

रेडिओबद्दल एवढंच: पुण्यात १०१ एफएम स्वच्छ लागत होतं आणि डॅशकॅम लावल्यापासून खरखर येते, तर दोष त्याच्या चार्जरचा आहे. स्वस्त चार्जर विजेचं रूपांतर करताना एफएमच्या पट्ट्यात गोंगाट सोडतात. चार्जर काढल्यावर खरखर थांबली की खात्री झाली. चांगला चार्जर घ्या आणि त्याची वायर अँटेनाच्या वायरीपासून दूर न्या.

आणि ८० च्या वर वाजणारी 'टिंग' ही स्टिरिओतून बंद होत नाही. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या गाड्यांना ८० किलोमीटरच्या वर अधूनमधून आणि १२० च्या वर सतत इशारा देणं सक्तीचं आहे. ती बंद करून देतो म्हणणाऱ्याच्या हाती गाडीचं वायरिंग देऊ नका.

कॉलवरचा प्रतिध्वनी

प्रतिध्वनी कोणाला ऐकू येतो ते आधी पाहा. तो पलीकडच्याला ऐकू येत असेल तर कारण तुमच्या गाडीत आहे. त्याचा आवाज तुमच्या स्पीकरमधून निघतो, माइकमध्ये शिरतो आणि त्याच्याकडे परत जातो. युनिटमधला प्रतिध्वनी काढणारा भाग एका मर्यादेपर्यंतच हे छाटू शकतो. कॉल चालू असताना गाडीचा आवाज तीन-चार पायऱ्या खाली घ्या, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. मग ब्लोअर. कंपनीचा माइक साधारण छतावरच्या दिव्याच्या जाळीत किंवा स्टिअरिंगच्या आसपास असतो, आणि मधल्या झडपांचा झोत वर केलेला असेल तर वारा थेट त्यावर आदळतो. झडपा खाली वळवा, ब्लोअर दोनवर आणा.

बाहेरून बसवलेल्या स्टिरिओत माइक पॅनेलच्या आतच असतो, पिनेएवढ्या भोकामागे. त्याच्यात तोंडापासूनचं अंतर जास्त आणि स्पीकरचा आवाज जवळ. अशा युनिटला मागच्या बाजूला बाहेरचा माइक लावायची जागा असते. तो घेऊन चालकाच्या बाजूच्या काचेच्या खांबावर, वरच्या टोकाला, तोंडाकडे वळवून लावा आणि सेटिंगमध्ये 'एक्स्टर्नल माइक' निवडा. ही निवड करायची राहून जाते आणि मग माइक बदलूनही फरक पडला नाही अशी तक्रार येते.

कायद्याचंही सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने हातात फोन धरून चालवणं धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमात रस्ता पाहण्यापुरती सूट आहे, तीही चालकाचं लक्ष विचलित न होता. पत्ता टाकायचा तर गाडी निघण्याआधी, नाहीतर स्टिअरिंगवरच्या बोलण्याच्या बटणाने. पुष्कळ गाड्यांत ते बटण थोडं दाबलं तर गाडीचा स्वतःचा सहायक जागा होतो आणि दाबून धरलं तर फोनचा. नावं घेऊन कॉल लावायचा असेल तर 'मोबाइल', 'घर', 'नवीन' अशा चार-चार 'संतोष' नोंदी एकदा आवरून घ्या, नाहीतर प्रत्येक वेळी 'कुठला संतोष?' असा सवाल-जबाब होतो.

नकाशा

गाडीतला कंपनीचा नकाशा आणि फोनवरचा नकाशा यांत ताजेपणात फोन जिंकतो, पण एका ठिकाणी गाडी पुढे असते. बोगद्यात उपग्रहांचा सिग्नल तुटला की गाडीचा नकाशा चाकांच्या वेगावरून आणि आतल्या जायरोवरून (वळण मोजणाऱ्या सेन्सरवरून) बाण पुढे सरकवत राहतो. नुसता फोन अंदाज बांधतो, आणि लांब बोगद्यात तो अंदाज मागे-पुढे होतो. म्हणून बोगद्यातून बाहेर पडताच फाटा असेल तर आत शिरण्याआधीच पुढचं वळण बघून ठेवायचं.

ताजेपणाचं उदाहरण अटल सेतूचं. १२ जानेवारी २०२४ ला सुरू झालेला २१.८ किलोमीटरचा तो पूल जुन्या नकाशात नाही, त्यामुळे बाण समुद्रातून चाललेला दिसतो आणि बाई सतत 'शक्य असेल तिथे यू टर्न घ्या' म्हणत राहते. समृद्धी महामार्गाचंही तसंच: ७०१ किलोमीटरमधला शेवटचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला, म्हणजे त्याआधीच्या नकाशाला तो माहीत असायचं कारण नाही. अपडेट यूएसबीने असेल तर कंपनीने सांगितलेल्याच आकाराचा, फॅट-३२ केलेला पेनड्राइव्ह घ्या, इंजिन चालू ठेवा आणि पट्टी पूर्ण होईपर्यंत चावीला हात लावू नका. मध्येच बंद पडलं तर युनिट अर्धवट सॉफ्टवेअरवर अडकतं. नकाशा एसडी कार्डावर असेल तर ते कार्ड लॅपटॉपवर फॉरमॅट करू नका. अनेक गाड्यांत ते त्या विशिष्ट युनिटशी बांधलेलं असतं, दुसरं कार्ड चालत नाही.

घाटात नकाशा मुका होतो तो बहुतेक वेळा नेटवर्क गेल्यामुळे. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, पण रस्त्यांचं चित्र मोबाइल डेटावरून येतं. घरच्या वायफायवर असताना गूगल मॅप्समध्ये स्वतःच्या फोटोवर टिचकी मारून 'ऑफलाइन मॅप्स' उघडा आणि चौकट ओढून सगळा पट्टा घ्या. कोकणात जाणार असाल तर चौकटीत घाटमाथा आणि किनारा दोन्ही बसवा. नुसतं रत्नागिरी घेऊन काही होत नाही, नेटवर्क जातं ते मधल्या घाटात. फोनमध्ये काही शे एमबी जागा लागते. ऑफलाइन असताना वाहतुकीची गर्दी आणि बंद रस्ते दिसत नाहीत, हे ध्यानात ठेवा. मार्गही नेटवर्क असतानाच सुरू करा, म्हणजे तो फोनमध्ये उतरलेला राहतो. हे नकाशे ठरावीक मुदतीत अपडेट झाले नाहीत तर पुसले जातात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी एकदा बघा.

घाटाची निवड नकाशावर सोडू नका. पुण्याहून चिपळूणला जायला ताम्हिणीतून माणगावला उतरून, भोरहून वरंधातून महाडला उतरून, किंवा सातारा-उंब्रज-पाटण करत कुंभार्लीतून, असे तीन मार्ग. नकाशा त्या क्षणी जो मिनिटांत कमी बसेल तो देतो. पावसाळ्यात वरंधा घाट दरडींमुळे अनेकदा बंद केला जातो आणि ही बातमी नकाशापर्यंत उशिरा पोचते. तुम्हाला कुंभार्लीच हवा असेल तर 'थांबा जोडा' मधून पाटण घाला. पण थांबा गावाच्या नावाने घेतला तर खूण गावाच्या मध्यावर पडते आणि तुम्हाला बाजारपेठेत नेऊन सोडते. त्याऐवजी नकाशा मोठा करून हमरस्त्यावरच बोट दाबून धरा आणि ती खूण थांबा म्हणून घ्या. वाटेतला पेट्रोल पंप थांबा म्हणून निवडलात तर आणखी सोपं, तो रस्त्यालगतच असतो.

फोनमध्ये प्रवासाचं साधन दुचाकी राहिलंय का, हे निघण्याआधी पाहा. एरवी स्कूटरसाठी वापरलेलं सेटिंग तसंच राहतं, आणि चारचाकी पेठेतल्या बोळात जाऊन अडकते. 'इंधन वाचवणारा मार्ग' हा खटकाही गावाकडच्या प्रवासात बंद ठेवलेला बरा. वेळ साधारण तेवढाच लागणार असेल तर तो कमी इंधनाचा रस्ता पुढे करतो, आणि तो कधी कधी एकेरी डांबरी निघतो. उड्डाणपुलावर चढायचं की खालून जायचं याबद्दल नकाशावर पूर्ण भरवसा नको. वरचा आणि खालचा रस्ता जीपीएसला जवळजवळ एकाच जागी दिसतो, त्यामुळे तुम्ही खाली असताना तो तुम्हाला पुलावर समजू शकतो. पाटी वाचा.

लग्नाच्या पत्रिकेवरचा गावचा पत्ता नकाशात सापडत नाही, तेव्हा यजमानाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन मागवा. त्यांना ते मांडवाबाहेर, उघड्यावर उभं राहून पाठवायला सांगा, कारण कौलाखालून किंवा पत्र्याच्या हॉलमधून पाठवलेलं लोकेशन शंभर-दोनशे मीटर सरकलेलं असू शकतं. ते फोनवर गूगल मॅप्समध्ये उघडून सेव्ह करा आणि मग फोन गाडीला लावा, म्हणजे स्क्रीनवर सेव्ह केलेल्या जागांत सापडेल. गाडीच्या स्वतःच्या नकाशाला लोकेशन पाठवता येत नसेल तर अक्षांश-रेखांश टाकायची सोय शोधा. घर क्रमांक टाकायच्या रकान्यात आपल्याकडे वेळ घालवण्यात अर्थ नाही.

बाण चुकीच्या रस्त्यावर किंवा मागे राहत असेल तर एक परीक्षा करा. केबल काढून फक्त फोनवर तोच नकाशा बघा. फोनवर बरोबर आणि स्क्रीनवर चूक असेल तर गाडी स्वतःच्या जीपीएसची माहिती फोनला देते आहे आणि दोष गाडीच्या अँटेनात आहे. बाहेरून बसवलेल्या युनिटमध्ये हा अँटेना म्हणजे काडेपेटीएवढी काळी डबी. ती डॅशबोर्डच्या आत पत्र्याखाली कोंबलेली सापडते. चुंबकाची बाजू खाली, सपाट बाजू आकाशाकडे आणि वर फक्त प्लॅस्टिक किंवा काच, अशी बसवून घ्या. पुढच्या काचेवर धातूचा थर असलेली फिल्म असेल तर तीही सिग्नल खाते.

युनिट अडकलं, किंवा बाहेरून बसवलं असेल तर

स्क्रीन गोठली की पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. बहुतेक युनिट स्वतःला बंद-चालू करतात आणि साठवलेलं काही जात नाही. फॅक्टरी रीसेट ही त्यानंतरची पायरी. बॅटरीची वायर काढून रीसेट करायचा सल्ला मात्र ऐकू नका. काही जुन्या गाड्यांचा स्टिरिओ वीज तुटली की चार आकडी कोड मागतो, चुकीचा कोड काही वेळा टाकला की कुलूप लावून बसतो, आणि कोडचं कार्ड बहुधा हरवलेलं असतं. डीलर तो युनिटच्या किंवा गाडीच्या क्रमांकावरून काढून देऊ शकतो.

बाहेरून बसवलेला स्टिरिओ दर वेळी रेडिओ स्टेशनं, घड्याळ आणि जोडलेले फोन विसरत असेल तर लाल आणि पिवळी वायर उलटी लागली आहे. पिवळीला बॅटरीचा कायम १२ व्होल्ट हवा, त्यावर मेमरी टिकते. लाल चावीबरोबर चालू-बंद होणारी, काळी अर्थिंगची. उलट तक्रार असेल, म्हणजे चावी काढली तरी स्टिरिओ चालूच राहतो आणि दोन-तीन दिवसांत बॅटरी बसते, तर दोन्ही वायरी कायमच्या विजेवर मारलेल्या असतात. स्पीकरच्या वायरी जोडीने येतात: पांढरी पुढचा डावा, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा, आणि काळी रेघ असलेली ऋण. ही ऋण वायर गाडीच्या पत्र्याला जोडायची नसते, युनिटचा अ‍ॅम्प्लिफायर जळतो. गाडीच्या मूळ वायरी कापू देऊ नका, तुमच्या मॉडेलचा कपलर (वायरी न कापता जोडायचा तयार प्लग) मिळतो तोच लावायला सांगा. खोक्यावर '५० वॉट गुणिले ४' लिहिलेलं असलं तरी सलग मिळणारी ताकद एका चॅनेलला १५–२० वॉटच्या आसपासच असते, त्या हिशेबाने स्पीकर निवडा.

इंजिन बंद ठेवून गाणी ऐकायची तर चावी 'एसीसी'वर, म्हणजे ऑनच्या आधीच्या खाचेवर ठेवा, पूर्ण ऑनवर नको. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते. १२ पर्यंत उतरली तर ती जवळजवळ रिकामी समजा आणि इंजिन चालू करा.

गाडी विकताना स्क्रीनमधले सगळे फोन, कॉल हिस्टरी, 'होम' म्हणून साठवलेला पत्ता काढा आणि फॅक्टरी रीसेट मारा. कंपनीचं अ‍ॅप असेल तर त्यातून गाडी वेगळी काढावी लागते, स्क्रीनचा रीसेट त्याला लागू होत नाही. वापरलेली गाडी घेणाऱ्याने तर डीलरकडून जुन्या मालकाची नोंद काढल्याची खात्री करूनच घ्यावी, नाहीतर गाडी कुठे उभी आहे ते त्याला त्याच्या फोनवर दिसत राहतं, आणि काही मॉडेलांत दारंही तिथूनच उघडता येतात.